काकूंच्या हॉलमधलं ऊन: थ्रीडी व्ह्यू कोणाकडून करून घ्यायचे?

लोकलमध्ये, पीएमपीच्या बसमध्ये, भांडी घासताना, ट्रेडमिलवर, जिथे कुठे हेडफोन लावून ऐकत असाल तिथे तुमचं स्वागत. आणि जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी सांगतो: हा बोलण्याचाच मजकूर आहे, थोडा साफसूफ केलेला. 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' निम्मे काढून टाकलेत. उरलेले सहन करा.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे आमच्या काय कामाचं? इमारतीचे थ्रीडी व्ह्यू काढणारा स्टुडिओ कसा निवडायचा. अरे, आपण पंचविशी-तिशीतली माणसं, इमारत कुठे बांधतोय? पण थांबा. पुणे, ठाणे, डोंबिवली, मुलुंड, नाशिक, कुठेही बघा. ज्यांचं बालपण १९८०-९० च्या दशकातल्या तीन-चार मजली सोसायटीत गेलं, त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या घरी सध्या एकच विषय चालू आहे: रिडेव्हलपमेंट. आणि कमिटीतल्या काका लोकांना कॉम्प्युटरशी संबंधित काहीही दिसलं, की ते कोणाकडे येतं? आपल्याकडे. 'तू बीटेक ना? मग हे तुझंच काम.' वायफाय चालत नाही, तुझं काम. आधारला मोबाइल लिंक करायचाय, तुझं काम. आणि थ्रीडी व्ह्यू कोणाकडून काढून घ्यायचे, तेही तुझंच काम.

तर माझ्यावर ते असं आलं. मी ते केलं, आणि पहिल्यांदा वाईट केलं. नुसतं वाईट नाही, माझ्या निवडीमुळे एका बाईंनी चुकीचं घर निवडलं. ते कसं झालं आणि नंतर आम्ही काय केलं, तेवढंच आज सांगणार आहे.

आमची सोसायटी कोथरूडला. अठरा फ्लॅट, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. आईबाबा तिथे राहतात, मीही लहानाचा मोठा तिथेच झालो. दोन बिल्डर येऊन गेले, बोलणी फिसकटली, आणि शेवटी सभासदांनी ठरवलं की स्वयंपुनर्विकास करायचा. म्हणजे बिल्डर नाही. सोसायटीच आर्किटेक्ट नेमणार, कॉन्ट्रॅक्टर नेमणार, कर्ज काढणार, आणि वरचे काही जास्तीचे फ्लॅट विकून पैसे उभे करणार. मदतीला पीएमसी. पीएमसी म्हणजे इथे महानगरपालिका नाही हं, प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट. पुण्यात हा घोळ प्रत्येक मीटिंगमध्ये एकदा तरी होतोच. 'पीएमसीने पैसे मागितलेत' म्हटलं की निम्मे लोक घाबरतात.

आर्किटेक्टने प्लॅन दिले. आता प्लॅन म्हणजे काय, रेघा. आमच्या सोसायटीत सरासरी वय पासष्टच्या पुढे. सगळे हुशार, बँकेतून, शाळेतून, एमएसईबीतून रिटायर झालेले. पण प्लॅन वाचणं ही वेगळीच विद्या आहे. दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकी किती उंचीवर आहे, हे त्या रेघांवरून डोळ्यापुढे येत नाही. म्हणून कमिटीने ठरवलं की थ्रीडी व्ह्यू करून घ्यायचे, सगळ्यांना दाखवायचे, मग प्रत्येकाने आपापला फ्लॅट निवडायचा. सेक्रेटरी काकांनी मला फोन केला. मी हिंजवडीत, मीटिंगमध्ये. म्हटलं, हो काका, बघतो.

मी काय केलं माहितीये? जे आपण सगळे करतो ते. इन्स्टाग्राम उघडलं. दोन रात्री स्क्रोल केलं. आणि एक स्टुडिओ सापडला, नाव घेत नाही, काय काम होतं! संध्याकाळचं सोनेरी ऊन, ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबं, खिडकीत पडदा हलतोय असं वाटावं. दर काय, तर एका व्ह्यूचे साडेतीन हजार. पाच दिवसांत डिलिव्हरी. आणि वर 'अनलिमिटेड रिव्हिजन'. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, 'अनलिमिटेड' हा शब्द वाचल्यावर माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. नाही वाजली.

बारा व्ह्यू मागवले. बेचाळीस हजार रुपये. पाच दिवसांत खरंच आले. समाजमंदिरात प्रोजेक्टर लावला, चहा-बिस्किटं, सगळी सोसायटी. पहिला व्ह्यू पडद्यावर आला आणि टाळ्या. मी कॉलर टाइट.

त्यानंतर दोन आठवड्यांनी फ्लॅट निवडीची सभा झाली. आमच्याकडे नियम असा ठरला होता की चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचा नंबर आधी येईल त्याने आधी निवडायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर दुसरा आला. काका दहा वर्षांपूर्वी गेले, मुलगा बंगळुरूला. काकू एकट्या. त्यांच्या आत्ताच्या घराची गॅलरी पूर्वेला आहे, आणि थंडीत सकाळी त्या तिथे खुर्ची टाकून गुडघे उन्हात ठेवून पेपर वाचत बसतात. मी शाळेत जायचो तेव्हापासून बघतोय. अख्ख्या बिल्डिंगला माहितीये की काकूंना गॅलरीत ऊन आलं म्हणजे आठ वाजले.

काकूंनी चौथ्या मजल्यावरचा उत्तरेकडचा फ्लॅट निवडला. लिफ्टला जवळ, आणि चित्रात हॉलभर ऊन. सोफ्यावर ऊन, फरशीवर ऊन, खिडकीतून हिरवी टेकडी. पूर्वेचा फ्लॅट चित्रात तितका छान दिसत नव्हता. तो नवव्या नंबरला कोणी घेतला? आमच्या बाबांनी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग डिसेंबरात एकदा मी घरी आलो होतो. काकूंनी जिन्यात गाठलं. मोबाइलवर तो व्ह्यू झूम करून दाखवला आणि विचारलं, 'अरे, हे ऊन किती वाजताचं रे?'

मी म्हटलं, 'सकाळचं, काकू.'

'सकाळचं म्हणजे किती? मला खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवायचंय.'

मी हसलो, म्हटलं विचारून सांगतो. वर गेलो, लॅपटॉप उघडला, प्लॅन काढला. कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण असतो ना, तो पाहिला. आणि पोटात खड्डा पडला.

त्या हॉलची खिडकी उत्तरेला आहे. डिसेंबरात पुण्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो, आणि नैर्ऋत्येला मावळतो. सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येतच नाही. एक मिनिटसुद्धा नाही. उन्हाळ्यात मधल्या मेपासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य जरासा उत्तरेकडे असतो, पण तो इतका डोक्यावर असतो की खिडकीवरचा छज्जाच त्याला अडवतो. आणि मे महिन्यात कोणाला हवंय ऊन!

आणि ती टेकडी? उत्तरेला टेकडी नाहीच. सात मजली इमारत आहे, दोन्ही बाजूंचं सामासिक अंतर धरून जेमतेम तीस फुटांवर. स्टुडिओने ती पुसून टाकली होती आणि तिथे कुठल्या तरी स्टॉक फोटोतली टेकडी लावली होती. खरी टेकडी आहे, पण दुसऱ्या बाजूला.

मी त्या स्टुडिओला फोन केला. त्या मुलाने अगदी सरळ सांगितलं, मला त्याचं अजूनही कौतुक वाटतं. म्हणाला, 'सर, आम्ही एचडीआरआय फिरवतो, जिकडून लाइट छान दिसेल तिकडून.' एचडीआरआय म्हणजे आकाशाचा एक गोल फोटो असतो, तो मॉडेलभोवती घुमटासारखा गुंडाळतात, आणि त्यातल्या सूर्याचा प्रकाश इमारतीवर पडतो. तो घुमट भोवऱ्यासारखा फिरवता येतो. म्हणजे आमच्या बारा व्ह्यूंमध्ये सूर्य बारा ठिकाणी उगवला होता. आणि मी त्यांना उत्तर दिशा कुठे आहे हे सांगितलंच नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

इथे जरा तांत्रिक थांबतो, कारण मला हा भाग आवडतो. रेंडरिंग म्हणजे चित्र काढणं नाही, गणित आहे. १९८६ साली जेम्स कजिया नावाच्या संशोधकाने एक समीकरण मांडलं, रेंडरिंग इक्वेशन. एखाद्या बिंदूवरून डोळ्याकडे किती प्रकाश येतो, तर तो बिंदू स्वतः जितका उजळतो तो, अधिक सगळ्या दिशांनी त्याच्यावर पडून परत उसळलेला. आज व्ही-रे, कोरोना, ब्लेंडरमधलं सायकल्स, ही सगळी मंडळी हेच समीकरण आपापल्या पद्धतीने सोडवतात. प्रत्येक पिक्सेलमधून शेकडो किरण सोडतात, ते भिंतीवर, फरशीवर आपटत जातात, आणि सरासरी काढतात. म्हणून फरशीवरचा तो उजेड इतका खरा वाटतो, कारण उजेडाचं गणित खरंच असतं! खोटा असतो तो इनपुट. सूर्य चुकीच्या जागी, शेजारची इमारत गायब. आपल्याकडे म्हणतात ना, टेस्ट सगळ्या पास, पण डेटाबेसच चुकीचा जोडलाय. तसं.

मग मला खाज सुटली. त्यांच्याकडून मॉडेलची फाइल मागून घेतली आणि एकेक वस्तू मोजायला बसलो. आपल्याकडे डबल बेडची गादी साधारण सहा फूट बाय सव्वासहा फूट. काकूंच्या बेडरूममधला डबल बेड रुंदीला होता चार फूट दोन इंच. अहो, चार फूट दोन इंचात काका-काकू सोडा, मी एकटा कुशीवर वळलो तर पडेन. सोफासुद्धा ऐंशी टक्क्यांवर आणलेला. फर्निचर लहान केलं की खोली मोठी दिसते. आणि कॅमेरा कुठे ठेवला होता? भिंतीच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या किचनमध्ये. सॉफ्टवेअरमध्ये भिंत कापून कॅमेरा मागे नेता येतो. वर लेन्स अठरा मिलिमीटरची. फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबाने अठरा मिलिमीटर म्हणजे आडवा नव्वद अंशांचा कोन. चोवीस मिलिमीटरला तो साधारण चौऱ्याहत्तर होतो, पस्तीसला चोपन्न. जितकी लेन्स रुंद, तितकी समोरची भिंत लांब पळते. दहा बाय अकराची बेडरूम वीस फुटी दिसायला लागते.

यात त्या स्टुडिओने आमची फसवणूक केली असं मी म्हणणार नाही. त्यांनी आम्हाला जाहिरातीचं चित्र दिलं. आम्ही ते घर निवडायला वापरलं. मी जर त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं असतं की हे चित्र बघून एक म्हातारी बाई आपली खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवणार आहे, तर कदाचित त्यांनी वेगळं काम केलं असतं. किंवा म्हणाले असते, आम्हाला जमणार नाही.

पण विकायच्या फ्लॅटचं चित्र असेल तर मामला आणखी गंभीर आहे, हेही सांगून ठेवतो. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ असं सांगतं की जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट बघून कोणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून त्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाने भरपाई द्यायची. आणि त्या माणसाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. स्वयंपुनर्विकासात बाहेरच्यांना फ्लॅट विकायला काढले की ती जबाबदारी बिल्डरवर ढकलता येत नाही. बिल्डर आहेच कुठे? तुम्हीच. आमचे चेअरमन काका हे ऐकून दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, आणि ते बँकेत लीगल सेक्शनला होते.

तर मी कमिटीला सगळं सांगितलं. चूक माझी, हेही. आणि म्हटलं, व्ह्यू परत करून घ्यायचे. अर्थात आरडाओरडा झाला. 'चित्रांवर परत पैसे?' एका काकांनी सुचवलं, 'तुझ्या त्या एआयवर टाक ना, फुकटात होईल.' मीही करून बघितलं होतं, खोटं कशाला बोलू. आर्किटेक्टचं एलिव्हेशन एका टूलमध्ये टाकलं. दहा सेकंदांत झकास चित्र. मग खिडक्या मोजल्या. मूळ चित्रात एका मजल्यावर सहा होत्या, इथे सात झाल्या. तिसऱ्या मजल्यावर एक जिना गॅलरीतून निघून हवेत संपत होता. रंग कुठला, मूड कसा, दगड लावावा की टेक्श्चर, हे ठरवायला एआय मस्त आहे, वापरा. पण माणसाला त्याचं घर दाखवायला नको. त्याला मोजमाप कळत नाही, त्याला फक्त 'इमारतीसारखं' काय दिसतं ते कळतं.

दुसऱ्या वेळी मी इन्स्टाग्राम उघडलं नाही. आमच्या आर्किटेक्ट मॅडमना विचारलं, तुमच्या ओळखीत अशा कोणत्या सोसायट्या आहेत ज्यांची इमारत बांधून पूर्ण झालीय, आणि त्यांचे व्ह्यू कोणी केले होते? चार नावं मिळाली. एका रविवारी बाइक काढली आणि त्यातल्या तीन इमारती बघून आलो, मोबाइलवर जुना व्ह्यू आणि समोर खरी इमारत. हा उद्योग मी कोणालाही करायला सांगेन. एकीत, चित्रातल्या काचेच्या रेलिंगच्या जागी एमएसचे गज होते. वॉचमन म्हणाला, बजेट संपलं. तो स्टुडिओचा दोष नाही. पण दुसरीत चित्रात समोर चाळीस फुटी रस्ता होता आणि प्रत्यक्षात मी बाइकवरून जाताना समोरून रिक्षा आली तर थांबावं लागलं. तिसरी मात्र... मी बराच वेळ चित्र आणि इमारत बघत राहिलो. चित्रात समोर ट्रान्सफॉर्मर होता! एमएसईबीचा डीपी, जाळीसकट. कोण दाखवतं हो आपल्या सुंदर चित्रात डीपी? मला तो स्टुडिओ तिथेच आवडला.

तरी मी एकदम काम दिलं नाही. तीन स्टुडिओंना एकच छोटं काम दिलं, पैसे देऊन. हे महत्त्वाचं, फुकट सॅम्पल मागू नका. आपल्याला कोणी इंटरव्ह्यूसाठी आठवडाभराचं फुकट असाइनमेंट दिलं की आपण ट्विटरवर किती बोंबलतो! आणि काम कुठलं दिलं, तर एलिव्हेशन नाही, लॉबी नाही. काकूंच्या किचनमधली ड्राय बाल्कनी. साडेतीन फूट रुंद, त्यात वॉशिंग मशीन, भांडी घासायची मोरी, गीझरचा पाइप, कपडे वाळत घालायची दोरी. इथे सुंदर दाखवण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे लपवायलाही काही नाही.

पहिल्याने दोन दिवसांत चित्र पाठवलं. वॉशिंग मशीन होतं, पण त्याचं दार उघडायला जागा नव्हती, आणि बाल्कनीत एक लॅव्हेंडरची कुंडी. दुसऱ्याचं ठीक होतं. तिसऱ्याने, त्या डीपीवाल्याने, चित्र पाठवलंच नाही. मेल पाठवला. त्यात एकतीस प्रश्न. मंजूर झालेला नकाशा कुठल्या तारखेचा, रिव्हिजन नंबर काय? उत्तर दिशा नकाशातली खरी आहे की अंदाजे? शेजारच्या इमारती किती उंच, फोटो मिळतील का? मशीन टॉप लोड की फ्रंट लोड? हे चित्र कोण बघणार, सभासद की गिऱ्हाईक की बँक? आणि एक प्रश्न तर मी अजून विसरलो नाही: 'पूर्वेची शेजारची सोसायटी जुनी चार मजली दिसते. ती रिडेव्हलप झाली तर किती वर जाईल, हे आर्किटेक्टकडून कळेल का?'

मी लॅपटॉप बंद करून खाली चहाला गेलो. अठरा घरं, दोन वर्षं मीटिंगा, आणि हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नव्हता.

दर होता एका व्ह्यूचे चौदा हजार, वर अठरा टक्के जीएसटी. दहा कामाचे दिवस. दुरुस्तीच्या फक्त दोन फेऱ्या. आणि अट अशी की आर्किटेक्टने 'प्लॅन फ्रीझ' असं लेखी दिल्याशिवाय काम सुरूच करणार नाही. बारा नाही, आठच व्ह्यू घेतले: एक लाख बारा हजार, जीएसटी धरून एक लाख बत्तीस हजार एकशे साठ. अठरा घरांत वाटले तर घरटी साडेसात हजारांच्या आत. एका काकांनी सभेत विचारलं, 'पहिला अनलिमिटेड रिव्हिजन देत होता, हा दोनच, आणि पैसे चौपट?' मी त्यांना पहिल्या वेळचा व्हॉट्सॲप ग्रुप दाखवला. अठरा घरांच्या एकशे चाळीस सूचना. एकाला गुलाबी हवा, दुसऱ्याला क्रीम, तिसरा म्हणतो कालचा कलर बरा होता. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच'. अनलिमिटेडचा अर्थ हा. दोनच फेऱ्या म्हटल्यावर आपोआप एका माणसाने सगळ्यांच्या सूचना गोळा केल्या, भांडणं आमच्यात मिटली आणि एकच यादी गेली. मात्र एक गोष्ट करारात स्पष्ट लिहून घ्या: त्यांची चूक सुधारणं ही रिव्हिजन धरायची नाही. नकाशात खिडकी चार फुटांची आणि चित्रात सहा, ही दुरुस्ती फुकट. आपल्याला पडद्याचा रंग बदलायचाय, ती रिव्हिजन.

बाकी करारात आम्ही काय काय घातलं ते भराभर सांगतो. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाच फूट ते सव्वापाच फूट, आणि जिथे माणूस खरंच उभा राहू शकेल अशाच जागी. लेन्स चोवीस मिलिमीटरपेक्षा रुंद नाही. अगदी छोट्या बाथरूमला गरज पडली तर चित्राखाली तसं लिहायचं. रंगकाम करण्याआधी करड्या मातीसारखं साधं रेंडर दाखवायचं, क्ले रेंडर म्हणतात त्याला, आणि त्यावर मापं टाकायची. फर्निचर बाजारात मिळतं त्या मापाचं. सूर्यासाठी पुण्याचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ टाकायची, आणि ती तारीख-वेळ चित्राच्या कोपऱ्यात छापायची. चित्रं सोसायटी कुठेही वापरू शकेल, मॉडेलची फाइल कामाच्या शेवटी आम्हाला मिळेल. आणि साइज: ए३ वर नीट छापायचं तर तीनशे डीपीआयला चार हजार नऊशे एकसष्ट पिक्सेल रुंदी लागते, 'फोर के' म्हणून जे देतात ते तीन हजार आठशे चाळीसच असतं. फ्लेक्सला एवढं लागत नाही, तो लांबून बघतात. पण आमच्या लोकांना चित्र हातात घेऊन चष्मा लावून बघायचं होतं.

सॉफ्टवेअर कुठलं वापरता, हा प्रश्न मी विचारलाच नाही. माझ्यासारख्यांना तोच पहिला विचारावासा वाटतो, म्हणून सांगतोय. लुमियनवर प्रामाणिक काम होतं आणि व्ही-रेवर टेकड्या उगवतात. विचारायचंच असेल तर हे विचारा की आमचं काम कोणाच्या हातात असणार आहे. इन्स्टाग्रामवरचं ते भारी चित्र काढणारा मुलगा सहा महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून दुबईला गेलेला असू शकतो.

नवे व्ह्यू आले. ते दाखवायच्या आदल्या रात्री मी आईबाबांना आधी सांगितलं, कारण मला दिसत होतं काय होणार ते. उत्तरेचा फ्लॅट थंड, उजेड बरा पण ऊन नाही, खिडकीत समोरची सात मजली भिंत. पूर्वेचा, म्हणजे आमचा, सकाळच्या उन्हाचा. मी म्हटलं, निवड परत करायला हवी, सगळ्यांची.

बाबा म्हणाले, 'चिठ्ठी निघाली, सही झाली. आता कशाला?'

मी म्हटलं, 'बाबा, चिठ्ठी खरी होती. चित्र खोटं होतं. आणि ते मी आणलं होतं.'

ते काही बोलले नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, खरं सांगायचं तर. आई एवढंच म्हणाली, 'तिच्या समोर जिन्यात रोज उभं राहायचंय मला.' झालं.

सभेत व्ह्यू दाखवले. या वेळी टाळ्या नाहीत. लोक उठून पडद्याजवळ गेले, बोटं लावून मापं वाचायला लागले. 'हा पलंग माझाच आहे वाटतं,' असं कोणीतरी म्हणालं. मग ठराव झाला, चिठ्ठ्यांचा क्रम तोच ठेवून निवड पुन्हा. तीन घरं बदलली. काकूंनी पूर्वेचा घेतला. आमच्या वाट्याला काय आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. बाबा हल्ली फोनवर नातेवाइकांना सांगतात, 'आमचा फ्लॅट एसी नको असा आहे. चिरंजीवांची कृपा.'

काकूंना मी त्यांच्या हॉलचा व्ह्यू ए३ वर छापून दिला. कोपऱ्यात लिहिलंय, २१ डिसेंबर, सकाळी साडेनऊ. समोरच्या चार मजली इमारतीच्या टाकीची सावली आधी गॅलरीवर असते, ती सरकली की ऊन आत येतं. आठ वाजताचं ऊन काही मिळणार नाही, ते मी त्यांना सांगितलं. सोबत दुसरा व्ह्यूही दिला, त्या एकतिसांतल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून स्टुडिओने केलेला: शेजारची सोसायटी वर गेली तर. त्यात समोर नुसता करडा ठोकळा आहे, आणि हॉलमध्ये ऊन नाही.

काकूंनी दोन्ही चित्रं बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, 'त्यांच्याकडे कमिटीत कोण आहे माहितीये ना तुला? पंधरा वर्षं त्यांचं पार्किंगचं भांडण मिटलेलं नाही. तोपर्यंत मी बसते उन्हात.'

दुसरा स्लॅब गेल्या आठवड्यात पडला. चला मंडळी, तुमच्या सोसायटीत थ्रीडी व्ह्यू आले असतील तर त्यातला बेड मोजून बघा आणि किती इंच निघाला ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या गुरुवारी.